डाव्या हाताचा रांजण

मडकं बाहेरून बघतो तो गिऱ्हाईक. आम्ही आधी हात आत घालतो.

या अंकाच्या संपादकांनी ‘लोककलेचे संग्राहक’ म्हणून माझ्याकडे अनुभव मागितला. एवढा मोठा शब्द माझ्या अंगाला बसत नाही. पंचवटीत आमच्या गल्लीत ‘मडकेवाले अण्णा’ म्हणून विचारा, कोणीही घर दाखवेल. वीस-बावीस वर्षं मी नाशिक जिल्ह्यात खेडोपाडी हिंडलो. हातानं घडवलेली मडकी, रांजण, मांडे भाजायची खापरं, मुखवटे, लाकडी देव गोळा केले आणि शहरातल्या हौशी लोकांना दिले. आता गुडघे गेले आणि धंदाही गेला. शाळा चौथीपर्यंत, तीही अर्धी. लिहून घ्यायला नातसून बसली होती, तिला मी उठवलं. माझं बोलणं सुधारून लिहीत होती. माझ्या चुका माझ्या राहू देत.

लोकांना वाटतं, खेड्यात जायचं, एखादी म्हातारी गाठायची, अडगळीतलं मडकं उचलायचं, झाला धंदा. तसं नाही. मडकं घेताना आधी बोटाच्या पेरानं वाजवायचं. पक्कं भाजलेलं असेल तर खणखणीत बोलतं, बारीक चीर असेल तर घसा बसलेल्या माणसासारखं बोलतं. मग काठावरून नख फिरवायचं. मग हात आत. वस्तू पसंत पडली की ती धड नाशिकला पोचवायची, ही दुसरी परीक्षा. लहान मडकं मोठ्यात, मधे भाताचा पेंढा दाबून, बाहेरून गोणपाट आणि वरून सुंभ. एस.टी.च्या टपावर मी कधी रांजण चढवला नाही. शेजारच्या सीटवर ठेवायचो आणि त्याला मिठी मारून बसायचो.

पेठच्या गाडीत एकदा कंडक्टर म्हणाला, “अण्णा, याचं वय काय? पाचाच्या पुढं असंल तर अर्धं तिकीट पडंल.”

मी म्हटलं, “सत्तर वर्षांचा आहे. म्हाताऱ्याची सवलत दे.”

सगळी गाडी हसली. तिकीट काही त्यानं फाडलं नाही.

गिऱ्हाइकांचं काय सांगावं! आमच्या पश्चिमेकडच्या डोंगरपट्ट्यात बोहाडा होतो, म्हणजे मुखवटे घालून देव नाचवायचा उत्सव. एकेका मुखवट्याचा मान एकेका घराकडे असतो. सुरगाण्याकडच्या एका घरानं नवा रावण केला आणि झिजलेला जुना मला दिला. तो मी कॉलेज रोडच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेला. बाईंनी टेप आणून टीव्हीचं कपाट मापलं, मग रावण मापला.

“अण्णा, यातली थोडी तोंडं कमी करून मिळतील का?”

“बाई,” मी म्हटलं, “ती कमी करायला रामाला यावं लागलं होतं.”

त्यांनी तो घेतला नाही. मीही खालच्या मजल्यापर्यंत पुटपुटत आलो.

दुसरी जात असायची ‘जुनंच पाहिजे’ म्हणणाऱ्यांची. जुनं पाहिजे, पण ओरखडा नको. त्यांच्यासाठी नवी मडकी उकिरड्यात पुरून ठेवणारे आणि चुलीच्या धुरावर टांगणारे व्यापारी मी पाहिलेत. मी एकदाही ते केलं नाही. नव्याला नवं म्हटलं, जुन्याला जुनं. याचा मला गर्व आहे आणि तो मी झाकत नाही. याच गर्वानं माझ्या हातून जे झालं, ते सांगायला बसलो आहे. रावणाची गोष्ट आपली तोंड उघडण्यापुरती.

मोठं मडकं चाकावर पुरं होत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. चाकावर होतो तो गळा, काठ आणि खाली जाड मातीचं ठेंगणं भांडं. ते जरा सुकलं की आत एका हातानं दगडाचा गुळगुळीत गुंडा धरायचा आणि बाहेरून दुसऱ्या हातानं लाकडाच्या थापीनं ठोकायचं. ठोकत जावं तसं पोट फुगत जातं, माती पातळ होत जाते. बाहेरून पाण्याचा हात फिरवतात, गेरू लावतात, सगळं एकसारखं दिसतं. आत मात्र गुंड्याचे खळगे राहतात. ते कोणी पुसत नाही, कारण तिथं कोणी बघत नाही.

मी बघायचो. एकाचे खळगे दाट, एकाचे विरळ, एखादा बुडाशी येईपर्यंत कंटाळलेला. दहा-बारा वर्षांत तीस-चाळीस कुंभारांचे हात माझ्या बोटांत बसले. वही मी ठेवली नाही. हात आत गेला की माणूस कळायचा.

आणि एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं समजणार नाही. मी ज्या कुंभारवाड्यांत जायचो तिथं बाईनं चाकाला हात लावायचा नाही, असा नेम होता. बाईनं माती तुडवावी, थापावं, भाजायचा आवा रचावा, डोक्यावर पाटी घेऊन बाजार करावा. चाक पुरुषाचं. कारण चाकाची पूजा होते. घरात लग्न निघालं की गावातल्या बायका वाजतगाजत कुंभाराच्या दारी जातात, चाकाला हळदकुंकू वाहतात आणि मांडवात मांडायची मडकी घेऊन येतात. त्या दिवशी कुंभाराचं दार म्हणजे देवाचं दार.

सटाण्याच्या पुढं एक गाव आहे. तिथल्या एका कुंभाराकडे मी नव्वदनंतर कधीतरी पहिल्यांदा गेलो. नवरा-बायको दोघंच. ओट्यावर एक रांजण उपडा होता. मी तो वाजवला, सरळ केला आणि हात आत घातला. माझी बोटं अडखळली. खळगे दाट होते, एका रांगेत, पण सगळे उलट्या बाजूला कललेले. थापी डाव्या हाताची होती. ती घरातल्या बाईची असली तरी नवल नव्हतं, थापायचं काम बायका करतातच. पण बोटं तशीच वर गळ्यात नेली. गळ्याला थापी लागत नाही, तो चाकाचा. तिथल्या रेघाही उलट्या चढलेल्या. चाकही डाव्या हातानं, उलटं फिरवलेलं.

बाईनं तांब्या पुढं केला तो डाव्या हातानं. मग चटका बसल्यासारखा उजव्यात घेतला. नवऱ्याला चहा दिला तर कप बशीत नाचायला लागला. त्याचे दोन्ही हात थरथरत होते.

मी हळूच म्हटलं, “वहिनी, गळाही तुमचाच.”

नवऱ्यानं मान खाली घातली. बाई उठली, दार लोटून आली आणि तिकडच्या अहिराणीत म्हणाली,

“भाऊ, तुमना बोटं शेतस का डोळा?”

मग तिनं सांगितलं. चार वर्षं झाली, नवऱ्याचे हात गेले होते. दुपारी गाव शेतात गेलं की ही मागच्या पडवीत चाक फिरवायची आणि तो रस्त्याकडच्या ओट्यावर माती मळत बसायचा, लोकांनी त्याला बघावं म्हणून. समोरच्या घरात तिचा दीर राहायचा. त्याचंही चाक होतं, पण लग्नाच्या मडक्यांचा मान थोरल्या घराचा, म्हणजे यांचा.

“त्याले समजनं ते लगीनना मडका त्यानाकडे जातीन. मंग आम्ही काय खावानं? कोनले सांगू नका, भाऊ.”

मी मागच्या पडवीत गेलो, चाकाला हात लावला आणि तिला शब्द दिला.

सात-आठ वर्षं तो मी पाळला. त्या काळात तिच्याकडून किती रांजण आणि खापरं आणली, मोजलं नाही. एवढं पातळ पोट मी दुसरीकडे पाहिलं नाही. पाणी भरून ठेवलं की रांजणाला बाहेरून घाम फुटायचा आणि आतलं पाणी दाताला लागायचं. मी गेलो की ती चिडवायची, “उनात ना बोटंवाला भाऊ! दखा, आज कोठे चुकनू ते सांगा.” मी आत हात घालून सांगायचो, बुडाशी तीन थापा घाईच्या आहेत. ती म्हणायची, “तवय दूध उतू जाई राह्यंतं.” अशी आमची ओळख. सख्खी बहीण मला नाही. ती कमी मला तिथं भासली नाही, एवढं लिहितो.

माझ्या मालातला चांगला माल गंगापूर रोडच्या एका साहेबांकडे जायचा. कारखानदार माणूस, खरा शौकीन, मला खुर्ची द्यायचे. बंगल्याच्या खालच्या मजल्यावर त्यांनी मोठं दालन केलं. प्रत्येक वस्तूजवळ बारीक अक्षरांची छापील पाटी. बरोबर नेलेल्या नातवाकडून मी एक पाटी वाचून घेतली. रांजण, माती, बागलाण, अज्ञात कारागीर. पुढची वाचली, अज्ञात कारागीर. सगळ्या रांगेला तेच.

मी साहेबांना गाठलं. “अज्ञात म्हणजे काय?”

“म्हणजे कोणी केलं ते माहीत नाही.”

“मला माहीत आहे ना.”

“अण्णा, तुम्हाला वाटतं. पुरावा काय?”

मी हात वर करून दाखवला. ते हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. मी तिथंच भांडलो. म्हटलं, तुमच्या कारखान्यातल्या नटबोल्टावर तुमचं नाव असतं, आणि ज्यांनी चिखलातून एवढं उभं केलं ते अज्ञात? साहेबांना गंमत वाटली. म्हणाले, “मी स्वतः गावोगाव जाऊन नावं विचारून येतो, उद्घाटनाच्या दिवशी या. लोकांसमोर ओळखून दाखवा. ओळखलं त्याच्या पाटीवर नाव घालतो.”

मी तयार झालो. तिचा रांजण त्यात असला तर नवऱ्याचं नाव सांगायचं, हे घरून ठरवून गेलो होतो. हे मुद्दाम लिहितो. मला विसर पडला नव्हता.

पन्नासेक माणसं होती. परीटघडीची. माझ्या डोळ्यांवर रुमाल बांधला आणि एकेक मडकं पुढं आणलं. पहिलं येवल्याकडचं, नाव सांगितलं. दुसरं दिंडोरीचं. तिसऱ्याला मी बापाचं नाव घेतलं आणि म्हटलं, बुडाचं काम मुलाचं आहे. लोक ‘अरे वा’ करायला लागले. चौथंही बरोबर. पाचव्यात हात घातला आणि ओळखीच्या घरात गेल्यासारखं झालं. मी ठरवल्याप्रमाणे तिच्या नवऱ्याचं नाव सांगितलं.

साहेब टाळी वाजवून म्हणाले, “चुकलात, अण्णा! त्या कुंभाराला मी गेल्या महिन्यात भेटून आलोय. त्याला पेला धरता येत नाही. आणि रांजण तर ताजा, मी स्वतः सटाण्याच्या बाजारातून आणलाय.”

लोक हसले. कोणी म्हणालं, “पाचात चार म्हणजे चांगलंच हो.” कोणी म्हणालं, “अंदाजच असतो शेवटी.” डोळ्यांवर रुमाल, त्यामुळे हसणारी तोंडं दिसत नव्हती, नुसतं हसू ऐकू येत होतं. अंदाज! तीस-चाळीस माणसांचे हात बोटांत घेऊन फिरणाऱ्या माणसाला अंदाज!

मी रुमाल ओढून काढला. “मी चुकत नाही. हा रांजण त्याच्या बायकोचा आहे. थापीही तिची आणि चाकही तिचं. डावखुरी आहे ती. घाला हात आत, बघा खळगे कुठं झुकलेत ते!”

पुढच्या एकानं खरंच हात आत घालून बघितला. मग टाळ्या पडल्या. साहेबांनी खांद्यावर हात ठेवला. खोटं कशाला लिहू, मला गोड वाटलं. तिथं पेपरवाला होता, त्यानं माझा आणि रांजणाचा फोटो काढला, तिचं नाव-गाव विचारून घेतलं. मी सांगितलं, आडनावासकट. घरी जाताना मनाला म्हटलं, बरं झालं, आता ती अज्ञात नाही. शब्द मोडला तो तिच्याच भल्यासाठी. माणूस स्वतःची समजूत काय झटक्यात घालतो!

फोटो रविवारी आला. मोठा, रंगीत. मी कात्रणाला काचेची चौकट करून घेतली आणि तिला द्यायला निघालो. तिला आनंद होईल असं खरंच वाटत होतं.

गावात शिरलो तर बँड वाजत होता. लग्नाच्या बायका कुंभारवाड्याकडे निघालेल्या. मी त्यांच्या मागोमाग. ती तिच्या दारात उभी होती, हातात हळदकुंकवाचं ताट, अंगावर ठेवणीतलं लुगडं. ओटा सारवलेला, पाच मडकी रंगवून मांडलेली. बायका तिच्या दारापर्यंत आल्या, तिच्याकडे न बघता वळल्या आणि समोरच्या दारात गेल्या. दिराच्या.

दीर मला बघून पुढं आला. खिशातून पेपरची घडी काढली.

“या, मडकेवाले! आमनी वहिनी पेपरमा उनी, आणि घरना मानसंले पत्ता नही.”

मी तिथल्या तिथं, चार म्हाताऱ्यांसमोर सांगितलं की माझी चूक झाली, टाळ्यांसाठी मी खोटं बोललो, चाक तिचा मालकच फिरवतो. जन्मात पहिल्यांदा स्वतःला चुकलो म्हटलं आणि तेही खोटं. दिरानं काही वाद घातला नाही. तिच्या ओट्यावरचं एक मडकं उचललं, आत हात घातला, गळ्यात बोटं फिरवली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “मी बी कुंभारच शे ना, भाऊ.”

इतकी वर्षं समोर राहून त्यानं कधी तिच्या मडक्यात हात घातला नव्हता. कुठं बघायचं ते मी पेपरातून शिकवलं होतं.

मी तिच्या दाराशी गेलो. ताट अजून तिच्या हातात होतं. ते तिनं खाली ठेवलं, माझ्या काखेतली चौकट मागून घेतली. तिला वाचता येत नव्हतं.

“यामा काय लिखेल शे?”

मी अडखळत वाचलं. तिचं नाव आलं तिथं तिनं बोट ठेवायला लावलं.

“हां,” ती म्हणाली. “नाव बराबर शे.”

आणि चौकट मला परत दिली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मी साहेबांकडे गेलो. म्हटलं, तिच्या नावाची पाटी काढा, पेपरात द्या की अण्णा चुकला. ते म्हणाले, “अण्णा, मी चुकत नाही असं तुम्हीच म्हणालात. आणि पाटीसाठी भांडलात तुम्हीच.” त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यानंतर मी त्यांना माल दिला नाही, तेवढाच माझा हट्ट. त्यानं कोणाचं काय झालं? साहेबांना दुसरे मडकेवाले मिळाले.

दीडेक वर्ष त्या गावाकडे जायचं धाडस झालं नाही. नंतर एकदा सटाण्याला काम होतं, गेलो. दिराच्या दारापुढं नवा पत्र्याचा मांडव होता. हिचा ओटा स्वच्छ. नुसता स्वच्छ, मातीचा डाग नाही. मागच्या पडवीत चाक भिंतीला टेकवून ठेवलेलं, त्यावर गोधडी वाळत घातलेली. नवरा आत पडून होता. ती लोकांच्या कांद्यात निंदायला जात होती, त्या दिवशी घरी सापडली.

“बसा,” म्हणाली. पाणी द्यायला वळली. घरात रांजण नव्हता. कोपऱ्यात निळं प्लास्टिकचं पिंप होतं. त्यातून स्टीलचा पेला भरून तिनं उजव्या हातानं माझ्यापुढं केला. पाणी कोमट होतं, त्याला वास होता. मी पिऊन पेला खाली ठेवला. काही तरी बोलायचं म्हणून म्हटलं, “वहिनी, रांजण नाही का ठेवला एखादा?”

ती पिंपाचं झाकण काढून बाजूला झाली.

“दखा ना, भाऊ. हात घालीसन दखा. कोना हात शे?”

ती हसत नव्हती. मी उठलो. का कोण जाणे, खरंच हात आत घातला. बोटं फिरवली. गुळगुळीत. बुडापर्यंत गुळगुळीत.

त्यानंतर दोन-तीन वर्षं रडतखडत धंदा केला. मडकी आणली, पण हात आत घालून नाव सांगणं सोडलं. गिऱ्हाईक विचारायचं, कोणाचं काम आहे हो? मी म्हणायचो, कुंभाराचं.

इथपर्यंतचा लेख वाचून संपादकांचा फोन आला. म्हणाले, अण्णा, छान आहे, पण बाईचं नाव कुठंच नाही. मी म्हटलं, नाहीच आहे. ते म्हणाले, तुमच्याकडे घरी त्या बाईचा एक रांजण उरलाय म्हणालात, त्याचा फोटो छापू, खाली ओळ लागते, कारागिराचं नाव लागतं. मी म्हटलं, अज्ञात लिहा.

“अज्ञात? अहो, तुम्हाला माहीत असेल ना?”

“नाही,” मी म्हटलं. “माहीत नाही.”